मागची फळी

आमच्या ह्यांच्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी पाठीमागे नाही, त्यांच्या तोंडावर सांगते. घरातून निघालो की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं, गॅसचं बटण बघायचं, कुलूप ओढायचं आणि मग मलाच विचारायचं, "ओढलं ना मी?" मी म्हणायची, "कुलूप ओढलंत, आता मला ओढू नका, चला." लग्न झालं तेव्हा वाटलं, काळजी करणारा माणूस आहे, बरं झालं. पुढे कळलं की काळजी वेगळी आणि हे वेगळं. काळजी करणारा माणूस छत्री घेऊन निघतो. आमचे हे छत्रीच्या टोकाकडे बघत निघायचे, कुणाच्या डोळ्यात जाईल म्हणून.

नोकरीही तशीच. इस्पितळाच्या लाँड्रीत ते बॉयलरवर होते. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं वाफेवर धुतलं जायचं आणि ती वाफ करायचं काम ह्यांचं. बॉयलरला एक काच असते, तिच्यात आतल्या पाण्याची रेघ दिसते. दिवसभर त्या रेघेकडे बघत बसायचं. मला एकदा तिथे नेऊन दाखवलं. मी म्हटलं, "छान आहे की, अगदी स्थिर." तर म्हणाले, "स्थिर दिसली की आधी घाबरायचं. खरं पाणी थोडं हलतं. नाही हललं तर समजायचं, वाट तुंबलीय आणि आत पाणी किती आहे ते आपल्याला ठाऊक नाही." काटा आणि काच काय सांगतात ते ऐकायचं, पण शेवटची खात्री आपल्या हातानं करायची, हा त्यांचा नियम. पाइपाजवळ उलटा पंजा नेऊन बघायचे, आम्ही इस्त्रीजवळ नेतो तसा.

ह्या भीतीला मूळ होतं. लग्नाआधी ते एका लहानशा कारखान्यात होते. तिथला बॉयलर जुना, त्याच्या डोक्यावर एक झडप. आतला जोर वाढला की ती आपोआप उघडते, शिट्टी मारत वाफ बाहेर सोडते आणि सगळ्यांचा जीव वाचवते. ह्यांच्या जोडीदाराला त्या शिट्टीचा वैताग आला. सारखी वाजते, वाफ फुकट जाते, वर साहेब ओरडतो. त्यानं ती झडप तारेनं आवळून बांधून टाकली. बॉयलर फुटला तेव्हा हे कोळसा आणायला बाहेर गेले होते म्हणून वाचले. जोडीदार वाचला नाही. ह्यावर ते कधी फारसं बोलत नसत आणि बोलले तर एवढंच, "मूर्ख होता. जिवंत झडप बांधून ठेवली." तेही दुःखानं नाही, रागानं. मेलेल्या माणसावर इतकी वर्षं राग धरून बसलेलं मी तरी दुसरं कुणी पाहिलं नाही.

अशा माणसानं घरात चारशे व्होल्टचं यंत्र बनवायला घ्यावं, ह्याला काय म्हणावं? पण घेतलं. कारण आमची एकुलती लेक. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. ठरते ती फक्त गिटार हातात असली की. कॉलेजात गेल्यावर तिनं मैत्रिणीची विजेवरची जुनी गिटार मिळवली. ती वाजायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि त्यातही बाईसाहेबांना व्हॉल्व्हचा हवा. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे. त्यातून आवाज गोड निघतो, असं तिचं म्हणणं. मला वाटलं, हे ऐकून आमचे हे अंथरूण धरणार. उलट त्यांचे डोळे चमकले. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्याकडे जाऊन बसू लागले, आकृत्या उतरवून आणू लागले, जुने सुटे भाग मागून आणू लागले. मी विचारलं, "तुम्हाला विजेची भीती नाही वाटत?"

"अगं, व्हॉल्व्ह दिसतो," ते म्हणाले. "पेटला की लाल दिसतो, विझला की विझलेला दिसतो. दिसणाऱ्या आगीची मला भीती नाही. न दिसणाऱ्या आगीची आहे."

काम आमच्या जेवायच्या टेबलावर चालायचं. माझं शिलाई मशीन शेजारच्याच खोलीत, मधे दार उघडं, त्यामुळे मला सगळं दिसायचं आणि न विचारता समजावलंही जायचं. अशा यंत्रात वीज साठून राहते. प्लग काढला तरी आत दबा धरून बसलेली असते. एक हात आत आणि दुसरा, सगळं ज्यावर बसवलेलं असतं त्या पत्र्यावर असला तर ती एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून निघते. म्हणून आत जायचं ते उजव्या हातानं आणि डावा खिशात. त्यांच्या कामाच्या एप्रनला डावा खिसा नव्हता. तो मी शिवला, जाड कापडाचा, मनगट बुडेल इतका खोल. शिवाय त्यांनी एक लाकडी काठी केली होती, टोकाला तार आणि तारेचं दुसरं टोक यंत्राच्या पत्र्याला जोडलेलं. यंत्र बंद केलं की आधी ती काठी आत टेकवायची, साठलेली वीज पत्र्यात उतरवायची, मीटर लावून बघायचं आणि मगच बोट घालायचं. एकदा मी म्हटलं, "देवपूजेलासुद्धा इतकं सोवळं नसतं." ते हसले नाहीत.

अ‍ॅम्प पहिल्यांदा वाजला तेव्हा माझ्या मशीनवरची कात्री थरथरली. भिंगरी नुसती एकच तार छेडून थांबली आणि तो सूर विझेपर्यंत तशीच उभी राहिली. हे मागे बसून व्हॉल्व्हच्या लाल उजेडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

ते सुख त्यांना पचलं असतं तर ते आमचे हे कसले? भिंगरीला वाईट खोड. वाजवता वाजवता, न बघता, अ‍ॅम्पच्या लाकडी पेटीच्या मागच्या उघड्या बाजूला हात घालून वायर सारखी करायची. एकदा ह्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी पेटीची मागची बाजू त्यांनी फळी ठोकून बंद केली. आत व्हॉल्व्ह तापतात, फळी भाजेल, म्हणून तिला आतून लाँड्रीतून आणलेलं ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस लावला, वर पत्रा. बॉयलरवाल्याचा हात तो. गरम वस्तू दिसली की गुंडाळायची. लाँड्रीतल्या वाफेच्या पाइपांना असंच गुंडाळतात, कुणाचा हात भाजू नये आणि आतली ऊब आत राहावी म्हणून. काम झाल्यावर मला बोलावून म्हणाले, "लाव हात. कोमटसुद्धा लागतंय का?" मी हात लावला. गार होतं. मी म्हटलं, "वा." आणि खरंच मनापासून म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांत तो वास सुरू झाला.

वास कसा होता सांगते. रबर जळाल्यासारखा नाही, कागद जळाल्यासारखाही नाही. मेणबत्ती विझल्यावर येतो तसा, पण त्यात काहीतरी कडवट. अ‍ॅम्प तासभर वाजला की यायचा. ह्यांनी फळी काढून बघितलं. आत बोटाएवढा पांढरा सिमेंटचा तुकडा असतो, रेझिस्टर म्हणतात त्याला. मोठ्या व्हॉल्व्हमधून किती वीज जाईल त्याला तो लगाम. तो तापून तापून पिवळा पडला होता आणि त्याच्याजवळचं सगळं करपलं होतं. ह्यांनी तो बदलून दणकट बसवला. पुन्हा वास. आणखी दणकट बसवला. पुन्हा वास. मी म्हटलं, "अहो, रोग म्हशीला आणि औषध पखालीला असं तर नाही ना होत?" ते चिडले, कारण त्यांनाही तीच शंका होती. लगाम तापतो म्हणजे घोडा उधळतोय. का उधळतोय?

आणि इथून खरी भीती सुरू झाली. फळी काढून, यंत्र टेबलावर ठेवून ते तासन् तास मीटर लावून बसायचे. सगळं ठीक. रेझिस्टर नुसता ऊन. प्रत्येक आकडा जिथल्या तिथे. समाधान होऊन फळी लावायचे, भिंगरी वाजवायला बसायची आणि पुन्हा तो मेणबत्तीचा वास. माणूस बघत असला की गुणी बाळ, पाठ वळली की आग. ह्यांच्या मनानं ते धरलं. जेवताना घास हातात तसाच राहायचा. एकदा म्हणाले, "हे यंत्र मला ओळखतं." मी हसण्यावारी नेलं, पण ते चेष्टेत बोलत नव्हते.

त्यांची भीती पेटीला आग लागण्याची नव्हती, तेही त्यांनी सांगितलं. गिटारच्या तारा वायरमधून अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. वीज जास्त खेचली गेली की आतला ट्रान्सफॉर्मरही तापतो. त्याच्या तारांवरचा मुलामा भाजून गेला तर वीज पत्र्यावर येऊ शकते. पत्र्यावर म्हणजे तारांवर. तारांवर म्हणजे भिंगरीच्या बोटांवर. "अर्थिंग आहे, फ्यूज आहे," मी म्हटलं, कारण हे शब्द मला त्यांनीच शिकवले होते. "आहे," ते म्हणाले. "झडपही होती."

त्यांनी भिंगरीला वाजवायला बंदी केली. नेमका त्याच वेळी तिचा कॉलेजच्या हॉलमधला कार्यक्रम ठरला होता. तीन गाणी, एकटीनं, स्वतः गायची आणि वाजवायची. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर. ती घरात पाय आपटत फिरू लागली आणि हे कामावर गेले की... आता पोरगी ती, मीही तिची आईच. पण त्या दुपारी तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

मी मशीनवर होते. मधलं दार लोटलेलं, मशीनची खडखड, पलीकडून गाण्याचा आवाज येत होता, मला वाटलं मोबाइल लावलाय. मग तो वास आला. उठून दार ढकललं तर भिंगरी डोळे मिटून वाजवतेय, गळ्यात गिटार, पाय अनवाणी, आणि तिच्या पाठीमागे फळीच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ सरळ वर चाललीय. मी ओरडले, पण त्या आवाजात तिला ऐकू जाईना. तिला धरून ओढावं असं हाताला वाटलं आणि त्याच क्षणी ह्यांचं बोलणं आठवलं. विजेतल्या माणसाला शिवायचं नाही, आधी वीज तोडायची. माझ्या पोटच्या पोरीला हात न लावता मी तिच्या बाजूनं पळत गेले. ते चार पावलांचं अंतर मला अजून स्वप्नात दिसतं. भिंतीतला प्लग मी वायरसकट उपटला आणि खाली बसले. आवाज विरत विरत थांबला. भिंगरी डोळे उघडून म्हणाली, "काय गं आई?" मग तिनं मागे वळून पाहिलं आणि गिटार गळ्यातून काढून भिंतीशी ठेवली.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. लपवून काय करणार, वास भिंतींना बसला होता. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग म्हणाले, "उद्या हा डबा मोडून टाकतो."

"मोडा," भिंगरी म्हणाली. ती रडत होती, पण आवाज पक्का होता. "मी दुसऱ्या कुणाचा तरी आणीन. तो कुणी बनवलाय, आत काय आहे, तुम्हाला काहीसुद्धा कळणार नाही. आणि तरी मी वाजवीन, बाबा. तुम्ही मला सायकल शिकू दिली नाहीत, पोहू दिलं नाहीत. हे मी सोडणार नाही."

बाप खुर्चीत बसला होता तो तसाच बसून राहिला. मला दोघांचीही दया आली आणि दोघांचाही राग आला. आता ह्यांना सुटका नव्हती. हा डबा मोडला तर ती न दिसणाऱ्या आगीपुढे उभी राहणार. म्हणजे बिघाड शोधायलाच हवा होता, आणि तोही कार्यक्रमाच्या आत.

पुन्हा टेबलावर यंत्र आलं. पुन्हा फळी काढली, जळका रेझिस्टर बदलला, मीटर लावलं. पुन्हा सगळं ठीक. सुट्टीचा दिवस होता, खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि ह्यांच्या कपाळावर घाम. मी चहा ठेवला आणि वैतागून बोलून गेले, "टेबलावर मोकळा असला की शहाण्यासारखा वागतो आणि दार लावून घेतलं की ह्याचं डोकं तापतं. घ्या, तुमच्यावरच गेलाय."

ते चहाचा कप उचलत होते. तो तसाच खाली ठेवला.

"परत बोल," म्हणाले.

"बोलले ते बोलले. राग आला का?"

"नाही गं. परत बोल."

मी परत बोलले. ते उठून फळीकडे गेले, ती उलटी करून तिच्या आतल्या ग्लासवूलवर हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "उघडा ठेवून काही कळायचं नाही. बंद करूनच बघायला पाहिजे."

मोठ्या व्हॉल्व्हच्या आधी एक कपॅसिटर असतो. त्याचं काम दरवानाचं. गाण्याची थरथर आत सोडायची आणि पाठीमागची जड वीज दाराबाहेर अडवायची. हा दरवान रेडिओवाल्या म्हाताऱ्यांनी दिलेला, कागदाचा आणि मेणाचा, फार जुना. ह्यांनी यंत्र बंद असताना, काठी टेकवून, मीटर बघून, त्या दरवानाच्या पलीकडे मीटरची चिमट्याची वायर लावली. वायर फळीच्या फटीतून बाहेर आणली. फळी नुसत्या आकड्यांवर अडकवली, पटकन काढता यावी म्हणून. मीटर काट्याचं होतं. "सुई शून्यावर राहिली पाहिजे," म्हणाले. "हलली तर दरवान फितूर." भिंगरीला त्यांनी दारापलीकडे उभं केलं. मला म्हणाले, "तू प्लगपाशी. मी बोललो की ओढ." माझ्या हातात कापड मापायची लाकडी पट्टी होती, ती तशीच हातात राहिली.

यंत्र सुरू झालं. गिटार जोडलेली नव्हती, त्यामुळे नुसती घुमघुम. आम्ही तिघं त्या सुईकडे बघत होतो. काही होईना. ऊन टेबलावरून सरकून खाली गेलं. मला जांभई आली आणि जांभई आल्याची भीती वाटली. हे बॉयलरसमोर बसावेत तसे बसले होते, पापणी न हलवता. मग ते हळूच म्हणाले, "हलली."

मला दिसली नव्हती. थोड्या वेळानं मलाही दिसली. सुई शून्याच्या पुढे केसभर सरकली होती. मग आणखी. थांबत नव्हती, घाई करत नव्हती. जी सुई कधी हलूच नये ती आपली चालत होती, आणि जसजशी ती चालत होती तसतसा तो मेणबत्तीचा वास खोलीत उतरत होता. भिंगरी दारातून म्हणाली, "बाबा, बंद करा." मी म्हटलं, "अहो, ओढू का?" ते म्हणाले, "थांब." माझा जीव टांगणीला लागला होता. सुई आता भराभर जायला लागली. आत फट् असा आवाज झाला.

"ओढ!"

मी प्लग ओढला. घुमघुम गेली. आणि ह्या माणसानं, आयुष्यभर कुलपं ओढून बघणाऱ्या ह्या माणसानं, झटकन फळी काढली आणि उजवा पंजा उलटा करून त्या कपॅसिटरजवळ नेला, किती तापलाय ते बघायला. बॉयलरपुढची सवय. काठी बाजूला तशीच पडली होती. मीटरकडे पाहिलं नव्हतं. आणि डावा हात खिशात नव्हता. तो पत्र्याच्या कडेवर होता.

मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मी हातातली पट्टी जीव खाऊन त्यांच्या उजव्या मनगटावर मारली. पट्टी मोडली. ते कळवळून मागे सरले आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले जणू मला वेड लागलंय. मी बोटानं त्यांचा डावा हात दाखवला. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग काठीकडे. आणि खुर्चीवर बसले.

नंतर त्यांनी काठी उचलण्याआधी मीटर लावलं, आत किती उरली होती ते मला दाखवायला. रेझिस्टर जळून तुटला होता, त्यामुळे साठलेल्या विजेची बाहेर पडायची मोठी वाट बंद झाली होती. सुई अजून अर्ध्यावर होती आणि रेंगाळत उतरत होती. भिंगरीनं माझ्या मागून माझा पदर धरला होता, लहानपणी धरायची तसा. काठी टेकवून सुई शून्यावर आल्यावरसुद्धा आमच्यापैकी कुणी टेबलाजवळ गेलं नाही.

"सापडलं का?" शेवटी मीच विचारलं.

"सापडलं." त्यांचं मनगट सुजायला लागलं होतं, ते धरून बसले होते. "कपॅसिटर जुना आहे. गार असताना नीट अडवतो. तापला की गळायला लागतो. गळला की व्हॉल्व्ह जास्त वीज खेचतो, रेझिस्टर तापतो. रेझिस्टर तापला की पेटी आणखी तापते. पेटी तापली की तो आणखी गळतो." ते थांबले. "मागून मोकळी होती तेव्हा ऊब निघून जात होती. वाट मी बंद केली. वर पांघरूण घातलं."

"तुम्ही तिच्या काळजीनं केलंत."

"त्यानं काय वैरानं केलं होतं?"

आधी मला कळलंच नाही कुणाबद्दल बोलतायत. मग कळलं. इतकी वर्षं ज्याला मूर्ख म्हणत आले तो जोडीदार. ते फळीकडे बघत होते. "त्यानं आवाज नको म्हणून बांधली. मी हात जाईल म्हणून बांधली. झडप ती झडपच." आणि हे रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी ह्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. भिंगरी माझा पदर सोडून पुढे आली आणि त्यांच्या पायाशी बसली. मी मोडक्या पट्टीचे तुकडे गोळा करत राहिले, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून.

पुढचं काम साधं होतं. नवा कपॅसिटर, नवा रेझिस्टर, आणि फळीच्या जागी लोखंडी जाळी, बोट जाणार नाही आणि ऊब अडणार नाही अशी. ग्लासवूल त्यांनी पुन्हा लाँड्रीत नेऊन दिलं. त्यानंतर अ‍ॅम्प दुपारभर चालू ठेवला तरी सुई जागची हलली नाही. जाळीतून व्हॉल्व्ह लाल दिसत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणावंसं वाटलं मला, पण नाही म्हटलं.

तुम्हाला वाटेल, भीती गेली. छे! कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. हॉलची वायरिंग कुणी केली, कधी केली, देव जाणे. आणि तिथे नवीनच काळजी निघाली. भिंगरी गाणार, म्हणजे तोंडासमोर माइक. माइक हॉलच्या यंत्राचा, गिटार आमच्या यंत्राची. दोन्हींच्या विजेत फरक असला तर वीज हातातून ओठांपर्यंत जाते, असं हे मला जिन्यात सांगतायत. मी म्हटलं, "मग आता?"

त्यांनी मीटर काढलं. एक टोक गिटारच्या तारांना, दुसरं माइकच्या जाळीला. सुई शून्यावर. प्लग काढून पुन्हा बसवून बघितला, दुसऱ्या भोकात घालून बघितला. शून्य. भिंगरी स्टेजवर उभी, लोक आत येऊन बसायला लागलेले, कुणीतरी खालून म्हणालं, "काका, झालं का?" ती गिटारसाठी हात पुढे करून वाट बघत राहिली.

हे त्या सुईकडे बघत होते. स्थिर होती. अगदी स्थिर. मला आठवलं, स्थिर दिसली की आधी घाबरायचं. आणि त्यांनाही तेच आठवलं असणार, कारण त्यांनी मीटर खाली ठेवलं. गिटार स्वतःच्या गळ्यात घातली. उजव्या पंजानं सगळ्या तारा मुठीत धरल्या. मग डावा हात, जो मी शिवलेल्या खिशात इतके महिने राहिला होता, तो मोकळा वर केला आणि माइकची जाळी धरली. एका हातातून दुसऱ्या हातात, मधे छाती. जे आम्हाला कधीही करायचं नाही म्हणून सांगितलं होतं तेच, सगळ्या लोकांसमोर, डोळे मिटून. मी पडद्यामागे प्लगपाशी होते. आता पट्टीही नव्हती माझ्याकडे, आणि असती तरी मधे अख्खं स्टेज होतं.

काही झालं नाही. ते तसेच उभे राहिले, नको इतका वेळ, हॉलमध्ये दोघंतिघं हसलीसुद्धा. मग त्यांनी डोळे उघडले, गिटार गळ्यातून काढून लेकीच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "वाजव."

ते खाली जाऊन पहिल्या रांगेत बसले, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. भिंगरीनं वाजवायला सुरुवात केली. लोक म्हणतात, फार छान झालं. मी मात्र तिन्ही गाणी संपेपर्यंत पडद्यामागे भिंतीतल्या प्लगवर हात ठेवून उभी होते, आणि तिनं काय वाजवलं ते मला आजही सांगता येणार नाही.